हे कशाच्या जागी?

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मागायला माझ्या दुकानात येणारी माणसं बहुतेक शुगरवाली असतात. हातात डॉक्टरांची चिठ्ठी क्वचितच असते. मोबाइलमधला फोटो असतो, नाहीतर कुणाकडून मागून आणलेली रिकामी बाटली. "ताई, अशीच द्या." कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर मेहुण्यानं, जिममधल्या पोरानं, मुंबईच्या सुनेनं. कशासाठी घेताय म्हणून विचारलं, की प्रश्न माझ्याकडेच परत येतो, "शुगरला चांगलं असतं ना?"

माझं मेडिकल नाशिकजवळ एकलहऱ्याला आहे, औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीच्या वाटेवर. इथल्या जुन्या माणसाची ओळख अजूनही संचाच्या आकड्यानं होते. तिसरा संच 1979 साली सुरू झाला, चौथा 1980 ला, पाचवा 1981 ला, प्रत्येकी 210 मेगावॉटचे. त्याआधीचे दोन संच केव्हाच बंद झाले. तिसऱ्या-चौथ्या संचाच्या वेळी सिन्नर-निफाडकडची, नगर-जळगावकडची जी पोरं बॉयलरवर, टर्बाइनवर, कोळसा विभागात लागली, ती आज सत्तरीच्या आसपास आहेत. माझे वडील त्यांतलेच. फर्स्ट, सेकंड, नाइट या चक्रात त्यांची सगळी नोकरी गेली. रात्रपाळीचा डबा पहाटे उघडायचा, सकाळी घरी आल्यावर पुन्हा जेवायचं, दुपारी खिडकीला चादर लावून झोपायचं. आई आम्हाला दुपारी पाट्यावरचा वरवंटासुद्धा हलवू द्यायची नाही. पाळ्यांमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना मधुमेह जास्त होतो, हे आता अनेक देशांतल्या पाहण्यांमधून पुढं आलंय. वसाहतीतल्या आमच्या पिढीला ते पाहणीशिवायच माहीत होतं. प्रत्येक चाळीत, प्रत्येक मजल्यावर कुणाचे तरी वडील बिनसाखरेचा चहा प्यायचे.

यांतले बरेच जण अंगानं किरकोळ. "मी कुठं जाडा आहे, मला कशी शुगर होईल?" हे वाक्य मी काउंटरमागं उभी राहिल्यापासून ऐकत आलेय. अशा वेळी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो फोटो आठवतो. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखंच, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्या माणसाची चरबी डोळ्यांना दिसत नाही, रक्तात दिसते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की यकृत ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जास्त तयार करून रक्तात सोडतं. म्हणून शुगरवाल्याच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा ट्रायग्लिसराइड वर आणि चांगलं कोलेस्टेरॉल खाली, अशी जोडी असते.

माशाच्या तेलाचा मधुमेहाशी जो काही खरा संबंध आहे तो इथंच, या ट्रायग्लिसराइडपाशी आहे. साखरेपाशी नाही. माशाच्या तेलानं साखर उतरते असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, एचबीएवनसी, होता तिथंच राहतो. मोठ्या मात्रेनं साखर वाढते की काय अशी शंका पूर्वी डॉक्टरांना होती, तीही पुढच्या अभ्यासांत फारशी टिकली नाही. ट्रायग्लिसराइड मात्र उतरतं, आणि तेही मात्रा भरपूर असली तर. रोज चार ग्रॅम ओमेगा-थ्री घेतलं तर वीस-तीस टक्के.

हे मी गिऱ्हाइकाला एका दमात सांगितलं तर तो "बरं" म्हणतो आणि बाटली घेऊन जातो. म्हणून मी आता सांगत नाही, आधी बाटली उलटी करून वाचायला लावते.

नाना वडिलांच्या बरोबरचे, बॉयलर ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलानं अमेरिकेतून भलीमोठी बाटली धाडली होती. ती काउंटरवर ठेवून म्हणाले, "पोरी, हे बघ. आता ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तरी चालेल ना? तिच्यानं पाय दुखतात म्हणे."

"तुमचे दुखतात का?"

"माझे नाही दुखत. पण लोक म्हणतात ना."

मी भिंग काढून दिलं. बाटलीच्या दर्शनी बाजूला ठसठशीत अक्षरांत 1200 मिलिग्रॅम. मागं बारीक अक्षरांत जे लिहिलंय ते नानांनी स्वतः वाचलं पाहिजे म्हणून बोट ठेवत गेले. पहिली ओळ, एक मात्रा म्हणजे दोन कॅप्सूल. नाना एकच घेत होते. पुढची ओळ, त्या दोन कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून 600. माशाच्या तेलातले जे दोन ओमेगा-थ्री घटक कामाचे मानले जातात ते हेच दोन. म्हणजे नानांच्या रोजच्या एका कॅप्सूलमध्ये कामाचा माल तीनशे मिलिग्रॅम, उरलेलं नऊशे मिलिग्रॅम इतर तेल. आपल्याकडं मिळणाऱ्या हजार मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्येही बहुधा ईपीए 180 आणि डीएचए 120, बेरीज तीनशेच.

नानांनी चष्मा वर केला. "हे तर कोळशासारखं झालं. वॅगन भरून येते, पण राख किती निघणार ते जाळल्यावरच कळतं."

बॉयलरवर हयात घालवलेल्या माणसाला याहून नेमकं कुणी समजावू शकलं नसतं. पुढचा हिशेब त्यांनीच मांडला. ट्रायग्लिसराइड उतरायला चार ग्रॅम लागतात म्हणालीस, म्हणजे चार हजार. भागिले तीनशे. तेरा कॅप्सूल. "रोज तेरा?" मी म्हटलं, नाना, तेरा कुणीच घ्यायच्या नसतात. तेवढं पंधरा-सोळा ग्रॅम तेल होतं, त्याचे उष्मांकच दीडशेच्या घरात जातात. ज्यांना खरोखर ती मात्रा लागते त्यांच्यासाठी शुद्ध केलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध वेगळं असतं.

मग आम्ही त्यांचा रिपोर्ट काढला. पिशवीत होता, वर्षभरापूर्वीचा. ट्रायग्लिसराइड थोडंसं वर, वाईट कोलेस्टेरॉल एलडीएल गोळीमुळं आटोक्यात. नाना जी गोळी सोडायला निघाले होते, तिनंच तो आकडा धरून ठेवला होता. माशाचं तेल एलडीएल उतरवत नाही. मोठ्या मात्रेत डीएचए असलेलं तेल घेतलं तर काही जणांत तो थोडा चढतोसुद्धा.

तेव्हापासून माझ्या काउंटरवर एक प्रश्न कायमचा आला. माशाचं तेल चांगलं की वाईट, यात मी शिरत नाही. मी विचारते, "हे कशाच्या जागी घेताय?" या प्रश्नावर माणसं थांबतात. कारण बहुतेकांच्या मनात काहीतरी वगळायचं ठरलेलं असतं. कुणाला स्टॅटिन, म्हणजे नानांची ती कोलेस्टेरॉलची गोळी, नको असते, कुणाला शुगरच्या मेटफॉर्मिनची दुसरी गोळी, कुणाला संध्याकाळचं चालणं. कॅप्सूल एकटी कधी येत नाही, ती कशाला तरी उठवून त्या जागेवर बसते.

हा प्रश्न मला शास्त्रीय अभ्यास वाचतानाही उपयोगी पडला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 15,480 मधुमेही माणसांवर 'असेंड' नावाचा अभ्यास केला, त्याचा निकाल 2018 साली आला. या माणसांना तोवर हृदयाचा आजार नव्हता. निम्म्यांना रोज एक ग्रॅमची ओमेगा-थ्रीची कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी ऑलिव्ह तेलाची. सरासरी सात वर्षं चार-पाच महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना माशाच्या तेलवाल्यांत 8.9 टक्के जणांना, ऑलिव्हवाल्यांत 9.2 टक्के जणांना. एवढा फरक योगायोगानंही पडतो. आमच्या वसाहतीतली माणसं ज्या आशेनं रोज एक कॅप्सूल घेतात, तशाच रोजच्या एका कॅप्सूलचा हा अभ्यास आहे, आणि मधुमेही माणसांवरचाच आहे. म्हणून मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

त्याच वर्षी 'रिड्यूस-इट'चा निकाल आला आणि तो नेमका उलटा. 8,179 माणसं, त्यांतली निम्म्याहून जास्त मधुमेही. शुद्ध ईपीएचं औषध, रोज चार ग्रॅम. हृदयाच्या गंभीर घटना 22 टक्क्यांवरून 17.2 टक्क्यांवर आल्या. ही बातमी पेपरात आली आणि माशाच्या तेलाचा खप वाढला. पण बातमीत जे ओळभर होतं ते माझ्या दृष्टीनं अर्धी गोष्ट होती. या अभ्यासातली माणसं आधीपासून स्टॅटिन घेत होती, अभ्यासभर घेत राहिली, आणि तरीही त्यांचं ट्रायग्लिसराइड वर होतं. स्टॅटिनच्या जोडीला हे औषध दिलं होतं, स्टॅटिनच्या जागी नव्हे. शिवाय तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खनिज तेल दिलं होतं, त्या तेलानंच त्या गटाची प्रकृती थोडी बिघडली असेल का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. 2020 साली 'स्ट्रेंथ' अभ्यासात 13,078 माणसांपैकी निम्म्यांना ईपीए-डीएचए असलेलं औषध रोज चार ग्रॅम दिलं, तुलनेला निम्म्यांना मक्याचं तेल. फायदा काहीच दिसेना म्हणून तो मुदतीआधी थांबवला.

मूत्रपिंडासाठी म्हणून कॅप्सूल मागणारेही येतात, कारण शुगरवाल्याला किडनीची धास्ती सगळ्यांत मोठी. टाइप-टू मधुमेहाच्या तेराशेवर माणसांवर पाच वर्षं तोही अभ्यास झाला, 2019 मध्ये निकाल आला. किडनीचं काम टिकवायला माशाच्या तेलाचा उपयोग दिसला नाही.

नानांची गोळी बंद करा की चालू ठेवा, हे सांगणं माझं काम नाही. कागद वाचून दाखवणं आणि डॉक्टरांकडं धाडणं हे आहे. नाना गेले, डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली. बाटली संपेपर्यंत घ्यायची असेल तर घ्या, पण पैसे लावून दुसरी मागवू नका म्हणाले.

बाटल्यांचंही एक सांगायला हवं. माशाच्या तेलाची बहुतेक बाटली आपल्याकडं औषध म्हणून विकली जात नाही, अन्नपूरक म्हणून विकली जाते. तिच्यावर औषधाचा परवाना क्रमांक नसतो, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो. मेटफॉर्मिनच्या पट्टीच्या शेजारी ती काउंटरवर उभी असली, की दोन्ही सारख्याच तोलामोलाच्या वाटतात. त्यामुळं मी ती शेजारी ठेवत नाही, वेगळ्या फळीवर ठेवते. दुकानात माल आणून देणाऱ्या मुलांना हे आवडत नाही. त्यांना ती दर्शनी भागात हवी असते, एका बाटलीवरचा नफा मेटफॉर्मिनच्या कितीतरी पट्ट्यांपेक्षा जास्त असतो.

दुसरा घोळ कॉड लिव्हरचा. पिवळ्याधमक गोल कॅप्सूल, आमच्या पिढीला लहानपणी जबरदस्तीनं दिलेल्या. पुष्कळांना माशाचं तेल म्हणजे तेच वाटतं. ते कॉड माशाच्या यकृताचं तेल, त्यात जीवनसत्त्व अ आणि ड असतं. ओमेगा-थ्री जास्त मिळावं म्हणून कुणी त्याच कॅप्सूल दिवसाला आठ-दहा घेऊ लागला तर जीवनसत्त्व अ शरीरात साठत जातं, आणि ते साठणं यकृताला चांगलं नाही. गरोदरपणात तर जास्तीचं अ जीवनसत्त्व पोटातल्या बाळाला बाधतं. सुनेला सातव्या महिन्यात शुगर निघाली म्हणून एक सासूबाई कॉड लिव्हर मागायला आल्या होत्या, मनापासून, काळजीनं. त्यांना मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्यासमोरच सुनेच्या डॉक्टरांना फोन लावला.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार होतो. नाशिकचं ऊन आता एप्रिलपासूनच चाळिशी गाठतं, आणि आमच्या भागात काँक्रीटच्या क्वार्टर रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. माशाचं तेल हवेनं आणि उष्णतेनं लवकर खराब होतं. एका बाईंनी गॅसच्या ओट्यावरच्या फळीत ठेवलेली बाटली आणली. "ताई, याच्यानं फार करपट ढेकर येतात." मी एक कॅप्सूल बशीत ठेवून ब्लेडनं कापली. ताज्या तेलाला माशाचा हलकासा वास असतो, तेवढाच. हे तेल बशीत पसरलं आणि खवट वासानं आम्ही दोघी मागं सरलो. जुनं शेंगदाण्याचं तेल स्वयंपाकघरात कुणी ठेवत नाही, लगेच नाक मुरडतं. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या कवचात तोच खवटपणा महिनोनमहिने गिळला जातो, कारण जिभेपर्यंत तो पोचतच नाही. घरी एक कॅप्सूल कापून हुंगा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

माळकरी गिऱ्हाइकांची अडचण वेगळीच. एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढ्याच्या पट्ट्यात वारीला जाणारी घरं पुष्कळ. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एक मावशी, इन्सुलिनवर असलेल्या, मुलानं आणलेली बाटली घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण डब्यावरची खूण ओळखता येते. चौकटीतली तपकिरी खूण दाखवून म्हणाल्या, "हे मांसाहारी आहे ना? पोरगा म्हणतो औषध आहे, औषधाला दोष नसतो." मी त्यांना खोटं सांगितलं नाही. आतलं तेल माशाचं आणि वरचं कवच जिलेटिनचं, तेही जनावराचंच. मावशींनी बाटली तिथल्या तिथं माझ्याकडं सरकवली. मग विचारलं, "मग माझं काही नुकसान होईल का न घेतल्यानं?" या प्रश्नाचं उत्तर देताना मला फार बरं वाटलं, कारण ते सरळ होतं. नाही होणार. त्यांना हवंच असेल तर समुद्रातल्या शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, मासे तरी ते कुठून मिळवतात, शेवाळ खाणाऱ्या जीवांपासूनच. पण त्याचीही मावशींना गरज नव्हती. त्यांच्या घरी जवसाची चटणी रोज असते. जवसातल्या ओमेगा-थ्रीचा फार थोडाच भाग शरीर ईपीएत बदलू शकतं, तेव्हा ती चटणी म्हणजे माशाचं तेल नव्हे. पण भाकरीबरोबर चमचाभर जवस, शेंगदाण्याच्या आणि लसणाच्या संगतीनं, हे जेवण म्हणून उत्तम आहे, आणि ते कुठल्या गोळीची जागा मागत नाही.

जे खातात त्यांच्याशी मी मासळीवर बोलते. मधुमेहाच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही कॅप्सूलऐवजी आठवड्यातून दोनदा मासळी खाण्यावर भर आहे. आमच्याकडं गोदावरीची मासळी मिळते, खाली नांदूरमधमेश्वरच्या पाण्यातली येते, रोहू, कटला, मरळ. त्यात प्रथिनं चांगली, पण ईपीए-डीएचए समुद्राच्या तेलकट मासळीइतकं नसतं. ते तारलीत आणि बांगड्यात. गंमत अशी की नाशिकच्या बाजारात तारली आणि बांगडा हे गरिबांचे मासे, आणि पाहुणे आले की हजार रुपये मोजून पापलेट. शुगरवाल्याच्या ताटात बांगड्याचं कालवण पापलेटच्या तळलेल्या तुकडीपेक्षा जास्त कामाचं आहे, हे मी वसाहतीतल्या बायकांना इतक्या वेळा सांगितलंय, की त्यांतल्या काही जणी आता मासेवालीकडं मुद्दाम बांगडा मागतात. रवा लावून तेलात बुडवून तळला आणि शेजारी भाताचा डोंगर घातला तर मात्र सगळं मुसळ केरात. खारवलेला सुका बांगडा बीपीवाल्यांनी बेतानंच खावा, त्यातलं मीठ विसरू नये.

ज्या गिऱ्हाइकासाठी मी सगळ्यांत जास्त वेळ काढते तो निवृत्त ऑपरेटर नव्हे, तो आजचा कंत्राटी कामगार. चाळिशीच्या आतला, कोळसा हाताळणी विभागात, ठेकेदाराकडं. पगारी रजा नाही, एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाचा रोज गेला. असाच एक जण पगाराच्या दुसऱ्या दिवशी आला. बुटावर कोळशाची काजळी, हातात मोबाइल, त्यात त्याच्या साहेबांच्या टेबलावरच्या बाटलीचा फोटो.

"ताई, साहेब हेच घेतात. त्यांनाबी शुगर हाय, मलाबी हाय."

त्याची शुगर निघून दोन वर्षं झाली होती. मेटफॉर्मिन पैसे असले की घ्यायचा, नसले की नाही. साधी मेटफॉर्मिनची गोळी दीड-दोन रुपयांना मिळते, जनऔषधीत त्याहूनही स्वस्त. साहेबांची ती बाटली काहीशे रुपयांची. मी कागदावर दोन रकाने आखले. एकीकडं बाटली. दुसरीकडं त्याच पैशांत काय काय बसतं ते लिहीत गेले. महिन्याची मेटफॉर्मिन. डॉक्टरांनी दिलीच तर महिन्याची स्टॅटिन, तीही आता महाग राहिलेली नाही. आणि वर उरलेल्या पैशांत थोडी भर घालून एकदा उपाशीपोटी चरबीची तपासणी, जी त्यानं कधीच केली नव्हती. त्याच्याकडच्या सगळ्या कागदांवर साखर आणि बीपी एवढंच होतं. ट्रायग्लिसराइड किती आहे हेच माहीत नसताना ट्रायग्लिसराइडचं औषध घ्यायला तो निघाला होता.

तपासणी केली. आकडा तीनशेच्या पुढं. रिपोर्ट दाखवायला आला तेव्हा दुकानात गर्दी होती म्हणून त्याला मागं बाकावर बसवलं आणि गर्दी ओसरल्यावर हळू आवाजात विचारलं, "दादा, बसणं होतं का?" तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सेकंड शिफ्ट सुटल्यावर. कोळशानं घसा कोरडा पडतो." दारूनं ट्रायग्लिसराइड सपाट्यानं चढतं, आणि साखर मोकाट असली तरी चढतं. त्याच्या बाबतीत दोन्ही होतं. आकडा पाचशेच्या वर जाऊ लागला की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो, आणि ते दुखणं माणसाला उभं राहू देत नाही. हे मी त्याला सांगितलं. उपदेश केला नाही, ज्याचा रोज दवाखान्यात गेल्यावर बुडतो त्याला उपदेशाची गरज नसते. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन रोजची केली, स्टॅटिन चालू केली. पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड दोनशेच्या खाली आलं होतं. माशाच्या तेलाचा एक थेंबही त्यात नव्हता.

मग एक दिवस साहेब स्वतःच आले. कामगारानं त्यांना सांगितलं असावं. बाटली बरोबर होती. रोज किती घेता विचारलं तर चार. मनानंच वाढवलेल्या, दोननं फरक जाणवेना म्हणून. त्यांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी. मी विचारलं, हृदयाच्या डॉक्टरांना या कॅप्सूलबद्दल माहीत आहे का. ते म्हणाले, "नाही. ते औषध थोडंच आहे?"

एवढी शिकलेली, जबाबदारीच्या जागेवरची व्यक्ती. आणि उत्तर इतरांसारखंच. कॅप्सूल औषधांच्या यादीत मोजलीच जात नाही. डॉक्टर विचारतात "आणखी काही औषधं चालू आहेत?" आणि माणूस प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. मोठ्या अभ्यासांत ओमेगा-थ्रीची मात्रा जसजशी वाढली तसतसे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रकार वाढलेले दिसले आहेत. दिवसाला एक ग्रॅमच्या पुढं हा धोका जास्त ठळक होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर मोठ्या मात्रेनं रक्तस्रावाकडंही बघावं लागतं. घाबरून जाण्यासारखं नाही, पण ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याच्या डॉक्टरांना हे ठाऊक असायलाच हवं. ते ठरवतील ठेवायचं की थांबवायचं, किंवा ट्रायग्लिसराइड खरंच वर असेल तर त्याचं चिठ्ठीवरचं औषध द्यायचं.

साहेबांच्या चिठ्ठीच्या मागं मी लाल पेननं लिहून दिलं: माशाचं तेल, रोज चार कॅप्सूल, ईपीए-डीएचए मिळून इतके मिलिग्रॅम, कधीपासून. त्या दिवसापासून तेल नेणाऱ्या प्रत्येक शुगरवाल्याच्या चिठ्ठीमागं मी ही ओळ लिहिते, आणि शेवटी डॉक्टरांसाठी एक प्रश्न, शेवटचा ट्रायग्लिसराइडचा रिपोर्ट केव्हाचा? नाशिकरोडच्या एका डॉक्टरांनी त्याच कागदावर तारीख टाकून आकडा उलट लिहून पाठवला. आता काही जण बाटलीच पिशवीत टाकून तपासणीला नेतात.